करुणामूर्तीची रजा

नारायण पेठ, पुणे
२४ जानेवारी १९८४

सौ. तुळजास,

हे पत्र हिंदुरावांच्या हाती देतो आहे. ते भाजी उतरवायला मार्केट यार्डात आले होते, तिथून वाकडी वाट करून घरी आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "दाजी, आक्का लोणीला पोचली. बरी हाय. तुमी येऊ नका म्हन्ली."

मी म्हटलं, "बायको माझी, आणि निरोप असा परक्याला धाडल्यासारखा?"

"मी फकस्त निरप्या हाय, दाजी. मला कशाला दटावता?"

ठीक. येत नाही. लोणी काळभोर काही विलायतेत नाही, स्वारगेटला जाऊन बस धरली की झालं. पण जिथे 'ये' म्हटलेलं नाही तिथे मी आजवर गेलो नाही, आणि बायकोच्या माहेरासाठी तो नियम मोडणार नाही. लिहितो मात्र. लिहिणं हा माझा धंदाच आहे.

रविवारी काय झालं ते तुला ठाऊक आहे. माझ्या खुर्चीवरून ते कसं दिसलं ते ठाऊक नाही. हॉस्पिटलचा वर्धापनदिन, मांडव भरलेला, मी तिसऱ्या रांगेत इस्त्रीच्या कोटात. अध्यक्षांनी तुझं मानपत्र वाचायला घेतलं. या शहरात कितीक पहिलवान, कीर्तनकार, निवृत्त मामलेदार माझ्या बोरूनं गौरवले गेलेत. मजकूर माझा, अक्षरही माझं. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं दुकानांच्या पाट्या वाचत आणि रंगवत शिकलो. आजवर मी कुणाला धुरंधर म्हटलं, कुणाला ज्ञानतपस्वी. 'करुणामूर्ती' हा शब्द मात्र कुणाला दिला नव्हता. तो तुझ्यासाठी राखून ठेवला होता. त्यातल्या 'रु'च्या उकारासाठी तीन बोरू तासले आणि वेलबुट्टीत सोनेरी शाई भरली. "जळीत वॉर्डात एका पेशंटला पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत एकच हात, ही ज्यांची शिस्त," हे वाक्य तर अध्यक्षांनी दोनदा वाचलं. टाळ्या पडल्या.

तू उठलीस. मला वाटलं, नमस्कार करशील. तू माईकपाशी गेलीस आणि म्हणालीस, "आज सकाळी सात नंबरची मुलगी गेली. इतके दिवस मीच तिचं ड्रेसिंग करत होते. ती गेली तेव्हा मला काहीही वाटलं नाही. बेड रिकामा झाला, एवढंच वाटलं. हे दुसऱ्या कुणाला तरी द्या."

आणि पायऱ्या उतरून गेलीस. शाल अध्यक्षांच्या हातात तशीच. श्रीफळ टेबलावरून गडगडलं ते कुणी उचललंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर समोरचे दादामियाँ फ्रेमवाले वाटच बघत होते. "काय मच्छिंद्रराव, फ्रेम परत घ्यायची आपली पद्धत नाही. मजकुरात दुरुस्ती असेल तर काच तेवढी काढून देतो." सगळी पेठ हसली. मी हसलो नाही.

तू म्हणतेस ते मला मान्य नाही. तुला काही वाटलं नाही, हे खोटं आहे. तू थकली होतीस आणि थकलेलं माणूस काहीही बोलतं. महिन्याची रजा टाकलीस ते बरं केलंस. पण रजा संपली की राजीनामा देणार, हे जे हिंदुरावांकडून ऐकतोय, ते मनातून काढ. जळीत वॉर्डात इतकी वर्षं टिकलेली दुसरी सिस्टर या शहरात दाखव म्हणावं कुणी. त्या वॉर्डात डॉक्टर टिकत नाहीत.

विश्रांती घे. हुरडा खा. मग ये.

मच्छिंद्र

◆

नारायण पेठ
३१ जानेवारी

सौ. तुळजास,

पोस्टकार्ड मिळालं. चारच ओळी. "मी बोलले ते खरं होतं. येऊ नका. वॉर्डातल्या माझ्या कपाटात चपला आणि पितळी पेला आहे, तेवढं आणून ठेवा. शब्द तुमचे आहेत, तुमच्याकडेच ठेवा."

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. मग वहाणा घातल्या आणि हॉस्पिटलात गेलो. चपला-पेला आणायला नाही, ते आधीच सांगतो. कपाट रिकामं करायचं म्हणजे काय हे न कळण्याइतका मी बावळट नाही. मी गेलो ते तू खोटं बोलते आहेस हे सिद्ध करायला. वॉर्डातल्या कुणालाही विचारलं तरी कळेल, अशी माझी खात्री होती.

दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलो. आतून तो वास आला. रोज संध्याकाळी तू आल्या आल्या शिकेकाईनं केस धुवायचीस ते कशासाठी, हे बाकड्यावर बसल्यावर कळलं. आपल्या ओट्यावर तू जरा वेळ बसून मगच आत यायचीस, तेही आठवलं. मला वाटायचं, वारा घेते आहे.

मग तुझी ती रझिया बाहेर आली. मला बघून म्हणाली, "काका, बसा. दोन मिनिटांत येते." ती दोन मिनिटं काही संपेनात. मला काम नव्हतं म्हणून बघत बसलो. मी नुसता बघत नाही, नीट बघतो, हे तुला माहीत आहे. ती दारातून आठ पावलं चालली की कुणीतरी अडवायचं. "सिस्टर, सलाईन संपत आलं." "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" "सिस्टर, तिला पाणी देऊ का?" एकानं विचारायचं, आणि ती उत्तर देईपर्यंत दुसऱ्यानं. एक धोतरवाला म्हातारा नुसता हात जोडून तिच्या मागे मागे फिरत होता. त्याला काही नको होतं, तिचं लक्ष फक्त हवं होतं. एका सफारीवाल्यानं तर सुनावलं, "तुम्हाला काय हो, रोजचंच आहे. आमचं माणूस आहे ते."

तिनं ते ऐकून मान खाली घातली आणि ट्रे उचलला. मी उठणारच होतो त्याला दोन शब्द ऐकवायला. तिनं डोळ्यांनीच मला बसवलं.

शेवटी चादरींच्या खोलीत गाठ पडली. गठ्ठ्यावर डबा उघडा, त्यात अर्धी खाल्लेली चपाती, कडा वाळलेल्या. मी म्हटलं, "पोरी, हे सकाळचं?" तर म्हणाली, "कालचं नाही, एवढं नक्की."

मी तिला सरळ विचारलं. "तुळजाबाई म्हणतात त्यांना काही वाटलं नाही. तू तिथं होतीस. खरं सांग."

"खरंच आहे काका." रझियानं झाकण लावलं. "आधी त्या सात नंबरशी खूप बोलायच्या. तिच्या गावचं, तिच्या बहिणीचं. पट्टी सोडवताना किंचाळायची ना, मग तिला बोलत ठेवावं लागतं. शेवटच्या आठवड्यात बोलणंच बंद. हात चालू, तोंड बंद. मी विचारलं, तर म्हणाल्या, रझिया, बोललं की नाव लक्षात राहतं."

तिनं डबा गठ्ठ्याआड सरकवला.

"आणि त्या दिवशी ती गेली, तर बेड पुसायच्या आधी खालून फोन. नवी आली आहे, पाठवतो. आपला नियम आहे ना, जिचा बेड तिचा पेशंट. बाईंनीच तिला सफेद चादरीत बांधलं आणि बाईंनीच नवीचं ड्रेसिंग केलं. मग तोंड धुऊन सत्काराला आल्या. तुम्ही रिक्षा पाठवली होती ना, उशीर होतोय म्हणून?"

पाठवली होती. रिक्षावाल्याला सांगितलंही होतं, बाईंना म्हणावं पहिल्या रांगेत बसा.

तुळजा, आता एक विचारतो. दिवाळीत कागद कापताना माझ्या अंगठ्यात पातं शिरलं होतं. रक्त बघून तू हातातलं काम न थांबवताच म्हणालीस, "धुऊन टाका." मी दादामियाँना कौतुकानं सांगितलं होतं की याला म्हणतात नर्स, नवऱ्याचं रक्त बघूनही हात थरथरत नाही. आपल्या लेकीचं, पद्मजाचं सांगलीहून पत्र आलं की बाळाला ताप आहे, तेव्हा तू "मग?" एवढंच म्हणालीस. त्याचंही मी कौतुकच केलं होतं.

तेव्हापासूनच होतं का हे?

हिंदुरावांनी काल आणखी एक ज्ञान दिलं. "दाजी, बैलाच्या खांद्याला घट्टा पडला की जू टोचत न्हाय. पर त्येला बैल बरा झाला म्हनत न्हाईत. दोन म्हैनं जुपत न्हाईत त्येला." बहिणीला बैलाची उपमा दिली म्हणून मी त्यांना चहा दिला नाही. ते गेल्यावर मात्र बोरू हातात धरून नुसता बसलो होतो.

चपला, पेला कपाटातच आहेत.

मच्छिंद्र

◆

नारायण पेठ
९ फेब्रुवारी

तुळजा,

या वेळी तू दोन्ही बाजूंनी लिहिलंस. मी ते पत्र उभ्यानं वाचलं, मग खाली बसून वाचलं.

तुमच्या शेजारच्या सोजरबाई गेल्या, वाईट झालं. पण त्याच्यापुढे तू जे लिहिलंस ते पुन्हा इथे उतरवतो, माझ्या अक्षरात ते कसं दिसतं ते मला बघायचं आहे. "त्यांच्या घरी चूल पेटायची नव्हती, म्हणून मी पिठलं-भात करायला घेतला. कुणाच्या तरी मरणात माझं काम नुसतं पिठलं करणं, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालं. बांधायचं नव्हतं, पुसायचं नव्हतं, कागद करायचे नव्हते. पीठ कालवता कालवता मला शेवंता आठवली. सात नंबर. मग मी इतकी रडले की वहिनी घाबरल्या. पिठलं लागलं. दुसरं केलं, ते घेऊन गेले. त्यांच्या सुनेला समोर बसून खायला लावलं."

आणि त्याखाली, "घरात मयत झालं तर शेजारी चूल पेटवू देत नाहीत. वॉर्डात मयत झालं की आमची चूल अर्ध्या तासात पेटते. आमचे शेजारी कुठे असतात हो?"

शेवंता. चांगलं नाव आहे.

हे वाचून मी घरात बसू शकलो नाही. तुला न विचारता मेट्रन आनंदीबाईंकडे गेलो. रागावायचं तर रागाव. त्या चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "मच्छिंद्रराव, तुम्ही मानपत्रं लिहा. ड्युट्या मी लावते."

मी म्हटलं, "माझं काही नाही. बायकोचं पत्र आहे, एवढं वाचून दाखवतो आणि जातो."

वाचलं. बाई टेबलावरची टाचणी उचलून टाचणीच्या गादीत खोचत होत्या, त्या थांबल्या. "पुन्हा वाचा ते. पिठल्यापासून."

पुन्हा वाचलं.

"हे तिनं मला का नाही लिहिलं?"

"तुम्हाला ती राजीनामा लिहिणार आहे."

आनंदीबाईंना असं कुणी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. मला वाटलं, आता शिपाई बोलावतात. बोलावला, पण दुपारच्या पाळीच्या सगळ्या सिस्टरना हाक मारायला. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बसा. वाचायला कोण आहे?"

म्हणून मी तिसऱ्यांदा वाचलं. वाचताना माझा आवाज चांगला लागला, हे सांगायला हरकत नाही. खोली भरून सिस्टर उभ्या होत्या. कुणी डोळे पुसले नाहीत. उलट भांडणच लागलं. पुरुष वॉर्डाची ती उंच सिस्टर म्हणाली, "जिचा बेड तिचा पेशंट, हा नियम तुळजाबाईंचाच ना? त्यानंच तर पेशंट वाचतात." रझिया म्हणाली, "पेशंट वाचेपर्यंत नियम बरा आहे. नाही वाचला तर?" दुसरी म्हणाली, "आणि आमच्या वॉर्डात काय मरत नाहीत का? आमच्याकडे कोण येणार?" रझियानं लगेच, "मी येते की. तुमच्याकडे मयत झालं की मी, आमच्याकडे झालं की तुम्ही. मोहल्ल्यात पण असंच करतात. तीन दिवस शेजारचं जेवण येतं."

आनंदीबाईंनी हातातली टाचणी गादीत खोचली. मग म्हणाल्या, "ठरलं. जिचा पेशंट जाईल तिनं त्याला नीट पोचवायचं. त्यानंतर त्या पाळीत तो बेड तिचा नाही. नवा पेशंट शेजारच्या वॉर्डाची सिस्टर घेईल. तिनं तोवर बसायचं, खायचं. डबा शेजारणीचा. आणि बसायला चादरींच्या खोलीत नाही, जिन्याखालच्या खोलीतल्या मोडक्या खाटा आजच्या आज हलवा."

कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष काय म्हणतील?"

"अध्यक्षांच्या घरी मयत झालं तेव्हा ते कचेरीत गेले होते का?" एवढं म्हणून बाईंनी सगळ्यांना कामाला पिटाळलं.

मी बाहेर आलो तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की कोटाचं बटण लागेना. मला नीट सांगता येत नाही कशानं. माझं त्यात काही नव्हतं. मी फक्त वाचलं.

तू येशील की नाही, हे मी या पत्रात विचारलेलं नाही, लक्षात घे.

मच्छिंद्र

◆

नारायण पेठ
१८ फेब्रुवारी

तुळजा,

जिन्याखालची खोली झाली. चुना मी दिला. खिडकीला पडदा रझियानं आईची जुनी ओढणी कापून लावला. बसायला दोन खुर्च्या आणि एक पलंग, तोही मोडका नाही.

पण आनंदीबाई म्हणाल्या, खोली करून भागत नाही, नातेवाईक तिथेही घुसतात. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ पडदा सारून आत डोकावले आणि जेवणाऱ्या सिस्टरला म्हणाले, "तुमचं चालू द्या, फक्त एक सही हवी होती." तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "आता लिहा काय लिहायचं ते. आणि गोडगोड नको."

मला गोड लिहायची सवय. दोन पाट्या करून नेल्या. पहिली अशी:

"आत सिस्टर जेवत आहेत. घाई असल्यास तुम्हीही जेवून या."

आणि दुसरी:

"सिस्टरला देवी म्हणू नये. देवीला दुपारी दार लावून विश्रांती असते."

पहिली पास झाली. दुसरीवर बाईंनी काट मारली. म्हणाल्या, "देवस्थानवाले भांडायला येतील." माझ्या मते दुसरी अधिक चांगली आहे. तुझं मत कळव. पहिली दाट निळ्यावर पांढऱ्यानं रंगवली. वेलबुट्टी नाही, सोनेरी नाही, लांबून वाचता यावी अशी उभी ठळक अक्षरं. अध्यक्ष आले, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "मच्छिंद्रराव, तुमची भाषा नेहमी कशी सौम्य, सुसंस्कृत असते..."

मी म्हटलं, "सौम्य भाषा सत्कारापुरती, साहेब. दारावर ती कुणी वाचत नाही."

दादामियाँना दाखवली तर बराच वेळ बघत उभे राहिले. "ही तुमची?" म्हणाले. "मग इतके दिवस कुठं लपवली होती?" याहून मोठी शाबासकी मला त्यांच्याकडून मिळालेली नाही.

आता खरी गोष्ट. परवा दुपारी मी खोलीच्या दाराला खिळे मारत होतो, तेव्हा तुमच्या वॉर्डातली एक बाई गेली. हडपसरकडची होती, रझियाचा बेड. गलबला ऐकून मी वर गेलो, वॉर्डाच्या आत शिरलो नाही. पण दारातून दिसलं ते सांगतो. पुरुष वॉर्डाची ती उंच सिस्टर, भांडणारी, ती बाह्या सारत आली. हातात स्वतःचा डबा. रझियानं चादरीची शेवटची गाठ मारली, तेवढ्यात खालून स्ट्रेचर आलंच. रझिया सवयीनं त्याच्याकडे वळली. उंच सिस्टरनं तिच्या हातात डबा दिला आणि तिच्या खांद्याला धरून तिचं तोंड दाराकडे केलं. म्हणाली, "जा. माझी आमटी तिखट आहे, तक्रार करायची नाही."

रझिया जिन्याखाली आली, मागोमाग मीही. मला वाटलं, आता ही रडेल, म्हणून मी हातोडी उचलून निघालो. ती रडली नाही. सगळी आमटी खाल्ली, डबा धुतला आणि पलंगावर आडवी झाली ती थेट घोरायला लागली. तुळजा, तुझी ती नाजूक रझिया अशी घोरते की जिन्यावरची माणसं वाकून बघायची. मी पाटीकडे बोट दाखवायचो.

उठल्यावर चेहरा धुऊन वर गेली. मी सहज मागे गेलो. नव्या आलेल्या बाईच्या उशाशी वाकून ती विचारत होती, "नाव काय तुमचं? घरी काय म्हणतात?"

एवढं बघून मी परत फिरलो. या शहरात मी पुष्कळ मोठी माणसं मानपत्र घेताना पाहिली. त्यातल्या कुणासाठी माझी मान अशी ताठ झाली नव्हती. आणि ही पद्धत तुझ्या पिठल्यातून निघाली, हे मी ज्याला त्याला सांगतो आहे. तू चिडशील. चीड.

चार दिवसांनी तुझी रजा संपते. तू आली नाहीस तरी ही पद्धत चालेल, असं आनंदीबाई म्हणाल्या. मला तेव्हा बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही. तुला कळलं तर मला सांग.

मच्छिंद्र

◆

नारायण पेठ
१ मार्च

तुळजा,

आता तू इथून हाकेच्या अंतरावर, नर्सेस क्वार्टर्समध्ये आहेस, आणि मी तुला पत्र लिहितो आहे. पत्ता बघून पोस्टमन हसेल.

तुझं लोणीचं शेवटचं पत्र मला आधी पचलं नाही, ते कबूल करतो. राजीनामा नाही, हे वाचून मी दुकानात एकटाच "वा!" म्हणालो. पण पुढे, "जळीत वॉर्डात आत्ता नको. वर्षभर बाळंतिणींच्या वॉर्डात मागून घेतलंय. जळीत वॉर्डात मी जाईन ती शेजारीण म्हणून, डबा घेऊन. आणि सध्या क्वार्टर्समध्ये राहते. घरी आले की तुम्ही माझ्याकडे बघत राहता. मी कशी आहे ते मला आधी एकटीनं बघू दे."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, बायको जळीत वॉर्डात आहे, आणि लोक एक पाऊल मागे सरून मला नमस्कार करायचे. आता बाळंतिणींच्या वॉर्डात म्हटल्यावर कोण मागे सरणार? हा विचार माझ्या मनात आला. आला तो आला. दादामियाँनी विचारलं, "वहिनी रुजू झाल्या म्हणे? कुठं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बढती." मी म्हटलं, "बदली." तर म्हणाले, "मच्छिंद्रराव, जिथं माणसं येतात तिथून जिथं जातात तिथं नेलं तर बदली. उलट नेलं तर बढती." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

काल मी हॉस्पिटलसमोर उभा होतो. ठरवून नव्हे, रंगाचा डबा घ्यायला निघालो होतो. पाळी सुटली. तू जिना उतरून फाटकाशी आलीस, पांढऱ्या साडीत, पिशवी खांद्याला. एका बाईनं धावत येऊन तुला अडवलं. "सिस्टर, सिस्टर, जरा बघता का? माझी सून..."

मला माहीत होतं, तू वळणार. आजवर तू कधी वळली नाहीस असं झालेलं नाही. लग्नाच्या वरातीत वळली होतीस.

तू थांबलीस. त्या बाईच्या हातावर हात ठेवलास. म्हणालीस, "माझी पाळी संपली, मावशी. आत पद्मिनी सिस्टर आहेत, चांगल्या आहेत. त्यांना सांगा, तुळजानं पाठवलं." आणि ती बाई आत गेल्याची खात्री करून फाटकाबाहेर पडलीस.

मी हाक मारणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग लक्षात आलं की तुझी पाळी संपली आहे, आणि रस्त्यात उभं राहून 'जरा बघता का' म्हणणारा मीही एक नातेवाईकच. तोंड मिटलं.

तू हातगाडीवाल्यापाशी थांबलीस. पेरू निवडलास, दोन परत ठेवलेस, तिसरा घेतलास. त्याच्याकडून तिखट-मीठ लावून घेतलंस आणि तिथेच, भर रस्त्यात, गणवेशात, उभ्यानं खायला लागलीस. मी असतो जवळ तर म्हटलं असतं, लोक बघताहेत. लोक बघतच होते. मीच बघत होतो. बी दाताखाली आली तसं तू तोंड वाकडं केलंस, आणि मग हसलीस, कुणाकडे बघून नाही, आपली आपणच.

तुळजा, मी समोरच्या फुटपाथवर, हातात रिकामी पिशवी, आणि माझ्या शेजारी कुणी उभं नव्हतं हे बरंच झालं. असतं कुणी तर मी त्याचा दंड धरून म्हटलं असतं, ती बघा, ती पेरू खाते आहे ना, ती माझी बायको.

तू सगळा संपवलास. बोटं चाटलीस. मग क्वार्टर्सकडे वळलीस, आणि मी रंगाचा डबा न घेताच घरी आलो.

मच्छिंद्र